परदेशस्थ मराठी विद्यार्थ्यांचे दैनंदिन जीवन (१८८३–१९२३) : अन्न, वस्त्र, निवास आणि समायोजनाचा प्रश्न

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रातील काही स्त्री-पुरुषांनी उच्च शिक्षणासाठी इंग्लंड व अमेरिका गाठली. त्यांच्या पदव्या, ग्रंथ व सार्वजनिक कार्य यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु परक्या देशात ते काय जेवले, कोणते कपडे त्यांनी वापरले, कोठे राहिले आणि महिन्याचा खर्च कसा भागविला, हा विषय चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून मागे राहतो. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई व डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तीन उदाहरणांच्या आधारे, दैनंदिन जीवनातील समायोजन हा त्या काळात खाजगी सोयीचा नव्हे, तर उत्तरदायित्वाचा प्रश्न होता, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे. आपण कोणाला बांधील आहोत, याचा निर्णय या विद्यार्थ्यांनी बहुधा व्याख्यानगृहात नव्हे, तर जेवणाच्या पानावर आणि भाड्याच्या खोलीत घेतला.

बीजसंज्ञा : समायोजन, समुद्रगमन, आहार, वेशभूषा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, जातिव्यवस्था.

१. प्रस्तावना

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला नव्या वातावरणाशी जुळवून घ्यावे लागते, हे विधान आज सर्वमान्य आहे. शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र या विषयांत त्यासाठी ‘समायोजन’ ही संज्ञा रूढ झालेली आहे. या संज्ञेत एक गृहीतक दडलेले असते. बदलायचे ते विद्यार्थ्याने, आणि बदलाची दिशा एकच, म्हणजे यजमान समाजाकडे. जो लवकर बदलला तो यशस्वी आणि जो जुन्या सवयींना चिकटून राहिला तो अयशस्वी, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीतक टिकते का, हे पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रापुरता विचार करता १८८३ ते १९२३ हा चाळीस वर्षांचा कालखंड या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. १८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि त्याच महिन्यात पंडिता रमाबाईंनी मुंबईहून इंग्लंडला प्रयाण केले. १९२३ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनमधील अध्ययन संपवून मायदेशी परतले. या दोन टोकांच्या दरम्यान परदेशी शिक्षण हे एका व्यक्तीचे धाडस न राहता सरकार, संस्थाने व संघटना यांच्या व्यवस्थेचा भाग बनले.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. परदेशस्थ मराठी विद्यार्थ्यांच्या आहार, वेश, निवास व अर्थव्यवहार यांचा आढावा घेणे.
२. या बाबींमागील सामाजिक व राजकीय दडपणांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. लिंग, धर्म व जात यांनुसार समायोजनाचा अर्थ कसा बदलतो, हे तुलनेने दाखविणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पत्रव्यवहार, आत्मकथनपर लेखन व चरित्रे ही मुख्य साधने मानली आहेत.

२. पार्श्वभूमी : समुद्रगमन, आहार आणि बहिष्कार

धर्मनिबंधकारांनी समुद्रगमनाचा समावेश कलिवर्ज्यांत केला होता. एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय समाजात या निषेधाचे व्यवहारातील रूप मात्र मुख्यतः अन्नाशी निगडित होते. समुद्र ओलांडणारा मनुष्य आठवडेच्या आठवडे जहाजावर राहणार, तेथे कोणाच्या हातचे खाणार, कोणाच्या पंक्तीला बसणार, आणि परदेशी पोहोचल्यावर त्याचे सोवळे-ओवळे कसे टिकणार, हा खरा आक्षेप होता. प्रवासापेक्षा प्रवासातील भोजन अधिक दोषास्पद मानले जाई.

या आक्षेपाची तीव्रता समजण्यासाठी समुद्रापलीकडे जाण्याचीही गरज नाही. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. तेथे उपस्थित असलेल्यांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध होताच मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग स्वीकारावा लागला. हे प्रकरण घडवून आणणारे गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे पती होत. स्वतःच्या शहरात मिशनऱ्यांच्या घरी घेतलेल्या चहाचा एवढा गाजावाजा होत असेल, तर तीन वर्षे परक्या देशात राहून आलेल्या व्यक्तीला कोणत्या प्रश्नांना सामोरे जावे लागत असेल, याची कल्पना यावरून येते. परदेशातील प्रत्येक जेवणाचा हिशेब मायदेशी द्यावा लागणार, ही जाणीव विद्यार्थ्याच्या मनात सतत जागी असे.

३. आनंदीबाई जोशी : वचनपूर्ती आणि देह

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी विवाह आणि चौदाव्या वर्षी झालेल्या अपत्याचा अवघ्या दहा दिवसांत मृत्यू, या अनुभवातून त्यांचा वैद्यक शिकण्याचा निर्धार पक्का झाला. न्यू जर्सी राज्यातील रोसेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी जुळलेल्या पत्रमैत्रीमुळे अमेरिकेचा मार्ग मोकळा झाला.

प्रयाणापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले. लोकांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या सहा प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्यात दिली. त्यांपैकी एक प्रश्न परत आल्यावर होऊ शकणाऱ्या बहिष्काराचा होता. आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू, आचार, आहार व वेश यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशा आशयाची ग्वाही त्यांनी दिली. या भाषणाचे महत्त्व केवळ त्यातील धैर्यात नाही. दैनंदिन वर्तनाविषयी केलेला हा जाहीर करार होता. परदेशी जाणाऱ्या पुरुषांनी घरातील वडीलधाऱ्यांना वचने दिल्याची उदाहरणे आहेत, पण सतरा वर्षांच्या या स्त्रीला ते वचन भर सभेत द्यावे लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि जून महिन्याच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पहिले काही महिने रोसेल येथे कार्पेंटर कुटुंबात गेले. येथे त्यांना परकेपणा जाणवू नये अशी काळजी घेतली गेली आणि कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशीच्या नात्याने मानले. खरी परीक्षा सुरू झाली ती त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये प्रवेश घेतल्यानंतर. खोलीतील शेगडी नीट चालत नसल्याने एक तर धूर सोसायचा किंवा थंडी, अशी स्थिती होती. शाकाहाराचे व्रत असल्याने स्वयंपाक स्वतः करावा लागे. दिवसभर व्याख्याने, प्रात्यक्षिके व शवविच्छेदन, आणि त्यानंतर चुलीपुढे उभे राहणे, हा क्रम कोणत्याही निरोगी व्यक्तीला थकविणारा होता. आनंदीबाईंची प्रकृती तर आधीपासूनच नाजूक होती.

वेशाच्या बाबतीत त्यांनी केलेली तडजोड विशेष उद्बोधक आहे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसणे अशक्य होते. त्यांनी विलायती झगा स्वीकारला नाही, परंतु पाय घोट्यापर्यंत झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने त्या साडी नेसू लागल्या. वचन मोडले नाही, पण देहाची गरजही नाकारली नाही. समायोजनाचे हे स्वतंत्र रूप आहे. बदल यजमान समाजाकडे न जाता स्वदेशातीलच दुसऱ्या प्रांताकडे वळला. एवढ्या बदलाचेही स्पष्टीकरण त्यांना पतीला पत्रातून द्यावे लागले, ही बाब लक्षणीय आहे. समुद्रापलीकडेही घरची देखरेख टपालाने पोहोचत होती.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो परिधान केलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. संस्थेच्या दृष्टीने हे छायाचित्र तिच्या जागतिक कीर्तीचा पुरावा होते. आनंदीबाईंसाठी मात्र तोच पोशाख वचनाचा भाग होता. जे एका बाजूला कर्तव्य होते, ते दुसऱ्या बाजूला कौतुकाचा विषय बनले. दोन्ही बाजूंना तो वेश टिकावा असेच वाटत होते, मात्र त्याची किंमत एकटीने चुकविली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी प्राप्त झाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांना देऊ करण्यात आले होते. तथापि क्षयाने जर्जर झालेल्या अवस्थेत त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील कौटुंबिक दफनभूमीत ठेवण्यात आल्या. क्षयरोगाला एकच कारण देणे वैद्यकीय दृष्ट्या योग्य होणार नाही. परंतु थंडी, अपुरा आहार व अविश्रांत श्रम यांनी त्यांचा देह खचला, हे तत्कालीन चरित्रांवरून स्पष्ट होते. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून मराठी वाचकांपुढे आलेली आनंदीबाईंची प्रतिमा वचनपूर्तीची आहे. त्या वचनाची आवश्यकता कोणी निर्माण केली, हा प्रश्न त्या गौरवात मागे राहतो.

४. पंडिता रमाबाई : धर्म बदलला, आहार नाही

आनंदीबाईंचे वचन धर्म व आहार यांना एकत्र बांधणारे होते. रमाबाईंच्या उदाहरणात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या दिसतात.

रमाबाई मुलगी मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडमधील वाँटेज येथे एका अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मूळ मानस कर्णदोषामुळे सिद्धीस गेला नाही. आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी वाँटेज येथे दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले आणि तेथेच संस्कृतचे अध्यापनही केले.

धर्मांतरानंतर रमाबाई सर्वार्थाने इंग्रजी जीवनपद्धती स्वीकारतील, अशी आश्रयदात्यांची अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही, आणि अंडे घातलेले पदार्थही त्या टाळत. सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीच्या अभिमानाचे अवशेष दिसले. रमाबाईंनी पत्रोत्तरात आपली भूमिका स्पष्ट केली. पूर्वजांचे जे आचार निर्दोष आहेत ते सोडण्याचे कारण नाही, आणि ख्रिस्ती झाल्यानंतरही आपण स्वतःला हिंदू म्हणजे हिंदवासी म्हणविण्यात कमीपणा मानीत नाही, असा त्यांचा आशय होता. क्रूसावरील लेख लॅटिनमध्ये का असावा, तो संस्कृतमध्ये का नको, हाही वाद याच पत्रव्यवहारात आढळतो. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी घेतलेला आक्षेप आणि मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाविषयीचे मतभेद हे त्याच संघर्षाचे पुढील टप्पे होत.

या वादातील मुद्दा पुडिंगपुरता नव्हता. उपकारकर्त्याच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थिनीने कृतज्ञता आणि आज्ञाधारकता यांत भेद करावा की नाही, हा खरा प्रश्न होता. रमाबाईंनी तो भेद ठामपणे केला. येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या शाकाहाराच्या आग्रहामुळे आनंदीबाई स्वसमाजाच्या दृष्टीने ‘शुद्ध’ राहिल्या, तोच आग्रह रमाबाईंना यजमान समाजाच्या दृष्टीने ‘अहंकारी’ ठरविणारा झाला. पदार्थ तेच होते, मात्र ते कोणासमोर नाकारले गेले यावरून त्यांचा अर्थ बदलला.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या. अमेरिकेतील वास्तव्यावर आधारलेला ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशाने आपल्याकडे पाहावे एवढ्यावर न थांबता परदेशाचे चिकित्सक निरीक्षण करण्याची दृष्टी त्यात आहे. त्याच वर्षी रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. वैवाहिक हक्कांच्या गाजलेल्या खटल्यामुळे स्वदेशातच निंदेची सवय झालेल्या या विद्यार्थिनीपुढे बहिष्काराची भीती फारशी उरली नव्हती. १८९४ पर्यंत वैद्यकीय अर्हता मिळवून त्यांनी पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली.

५. भाड्याची खोली, भोजनगृह आणि शासनाची नजर

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढली. १९०७ च्या सुमारास ती साधारण ७०० असल्याचा अंदाज होता. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे र. पु. परांजपे यांच्यासारख्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आवारातील जीवनाचा आधार होता. लंडनमधील बहुसंख्य विद्यार्थी मात्र घरमालकिणीच्या घरी भाड्याने राहत. खोली, न्याहारी व रात्रीचे जेवण यांचा आठवड्याचा दर ठरलेला असे, कोळशाचे पैसे अनेकदा वेगळे पडत. नाणे टाकल्यावर चालणाऱ्या गॅसच्या मीटरमुळे ऊब हीसुद्धा पेनींच्या हिशेबात मोजावी लागे. मायदेशी स्वयंपाकघरात पाऊलही न टाकलेल्या तरुणांना प्रथमच कळले की जेवण वेळेवर आपोआप पुढे येत नाही.

बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांना तर भोजनाचा प्रश्न टाळताच येत नसे. लंडनमधील विधिसंस्थांत परीक्षांबरोबरच ठरावीक संख्येने संस्थेच्या भोजनगृहात उपस्थित राहणे अनिवार्य होते. प्रत्येक सत्रात सहा, याप्रमाणे बारा सत्रांत बहात्तर भोजने भरत. शाकाहारी विद्यार्थी तेथे पाव, बटाटे व कोबी यांवर भागवीत. मद्य न घेणारा विद्यार्थी आपल्या चौकडीत असावा म्हणून सहाध्यायी उत्सुक असत, कारण त्याच्या वाट्याची दारू इतरांना मिळे, असे गांधीजींनी आत्मकथेत मिश्कीलपणे नोंदविले आहे. ज्या पंक्तिभेदावर जातिव्यवस्था उभी होती, त्याच पंक्तीत बसल्याखेरीज वकिलीची सनद मिळत नव्हती. कायद्याच्या शिक्षणाने पंक्तिनियमांना दिलेला हा अप्रत्यक्ष धक्का दुर्लक्षिण्यासारखा नाही.

१ जुलै १९०५ रोजी श्यामजी कृष्णवर्मा यांच्या पुढाकाराने हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ हे वसतिगृह सुरू झाले. येथे सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची सोय होती. १९०६ मध्ये ग्रेज इनमध्ये कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी आलेले वि. दा. सावरकर येथेच राहिले. इंडिया हाऊस क्रांतिकार्याचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु एकाकी विद्यार्थ्यांना स्वदेशीय अन्न, स्वदेशीय संभाषण व सोबत देणारे घर म्हणूनही त्याचा विचार व्हावयास हवा. घराची उणीव भागविणारी जागाच राजकीय विचारांच्या देवघेवीची जागा बनली.

शासनाने हे वेळीच ओळखले. हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमण्यात आली. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माहिती केंद्र स्थापन झाले आणि त्याच वर्षी मदनलाल धिंग्रा यांनी केलेल्या कर्झन वायलीच्या वधानंतर विद्यार्थ्यांवरील नजर अधिक कडक झाली. क्रॉमवेल रोडवरील २१ क्रमांकाच्या इमारतीत नवागतांच्या निवासाची सोय करण्यात आली. सोयीच्या नावाखाली आपल्यावर पाळत ठेवली जाते, अशी शंका विद्यार्थ्यांना होती. याचा अर्थ असा की, १८८३ मध्ये जातिसमुदायाला जी माहिती हवी होती, ती १९०९ नंतर साम्राज्यालाही हवी झाली. विद्यार्थी कोठे राहतो, कोणाबरोबर जेवतो, कोणाला भेटतो?

शिष्यवृत्त्यांच्या अटींतही हेच द्वंद्व दिसते. कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीधारकाने ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये, अशी अट होती, तर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीधारकाला संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचे बंधन होते. पैसा ज्याचा, त्याला विद्यार्थ्याच्या भविष्याचा काही भाग लिहून द्यावा लागे.

६. डॉ. आंबेडकर : मोकळीक, काटकसर आणि परतीचा आघात

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठातील हार्टली हॉल, त्यानंतर कॉस्मोपॉलिटन क्लब आणि अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉल असा त्यांच्या निवासाचा क्रम होता. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी झालेली मैत्री आयुष्यभर टिकली.

वरील दोन्ही उदाहरणांत परदेशातील जेवण ही कसोटी होती. आंबेडकरांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ज्याला स्वदेशातील शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्याला न्यूयॉर्कमध्ये इतरांच्या बरोबरीने टेबलावर बसता आले. परदेशी वास्तव्यातील पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नमूद केले आहे. त्यांना ‘शुद्धता’ राखण्याचे वचन कोणालाही द्यायचे नव्हते. ज्या समाजव्यवस्थेने वचन मागितले असते, तिने त्यांना पंक्तीतच घेतले नव्हते.

त्यांच्यापुढील अडचण होती ती पैसा व वेळ यांची. शिष्यवृत्तीतून स्वतःचा खर्च, ग्रंथखरेदी आणि घरी पाठवायची रक्कम भागवायची होती. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र या विषयांचे अभ्यासक्रम त्यांनी घेतले, १९१५ मध्ये एम. ए. पदवी संपादन केली आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. जातीविषयीचे हे विश्लेषण जातीच्या दैनंदिन दडपणापासून दूर असताना लिहिले गेले, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्या वातावरणात प्रत्येक घोटाबरोबर अपमानाची भीती नसते, तेथेच अपमानाच्या व्यवस्थेकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची उसंत मिळते.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोद्याच्या सेवेत रुजू होताच राहण्याच्या जागेचा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्क व लंडनमध्ये ज्यांना खोली मिळाली, त्यांना बडोद्यात ती मिळेना. पारशी नावाने ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोठेच आसरा न मिळाल्याने कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परदेशी विद्यार्थ्याच्या समायोजनाची चर्चा प्रायः जाण्याच्या टप्प्यावर थांबते. या प्रसंगात समायोजनाचा खरा आघात परतीच्या टप्प्यावर झालेला आहे, आणि अपयश विद्यार्थ्याचे नसून समाजाचे आहे.

सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपदाच्या वेतनातून केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१–२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. चरित्रकार धनंजय कीर यांनी या काळातील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. सकाळी पावाचा तुकडा व पेयाचा एक पेला, त्यानंतर संध्याकाळपर्यंत ग्रंथालयात वाचन, आणि रात्री उशिरा भूक असह्य झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून त्यावर दूध, असा तो क्रम होता. मराठी घरात जेवणाच्या पानात डावीकडे वाढला जाणारा पापड येथे जेवण झाला. १९२३ मध्ये त्यांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधास डी. एस्सी. पदवी मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर खरेदी करून तेथे स्मारक केले आहे.

७. तुलनात्मक विवेचन

उपवास किंवा अर्धपोटी राहणे तिन्ही उदाहरणांत आढळते, पण त्याची कारणे भिन्न आहेत. आनंदीबाईंची उपासमार वचनातून आली, रमाबाईंचा नकार स्वत्वातून आला, तर आंबेडकरांची काटकसर दारिद्र्यातून व वेळेच्या भुकेतून आली. निवासाबाबतही तसेच म्हणता येईल. आनंदीबाईंना फिलाडेल्फियातील खोलीने त्रास दिला, परंतु रोसेलच्या घराने आपले मानले. रमाबाईंना आश्रमाने आसरा दिला, पण त्याची किंमत आज्ञापालनात मागितली. आंबेडकरांना परदेशात पैसे मोजून खोली मिळाली, आणि स्वदेशात पैसे मोजूनही मिळाली नाही.

यावरून ‘परदेश’ या शब्दाचा आशयच तपासून पाहावा लागतो. उच्चवर्णीय विद्यार्थ्यासाठी घर म्हणजे परिचित सुरक्षितता आणि परदेश म्हणजे अनिश्चितता होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र अनोळखीपण हीच काही अंशी सुरक्षितता ठरली. न्यूयॉर्कमध्येही वर्णभेद होता आणि लंडनमध्ये साम्राज्याचा अहंकार होता, त्यामुळे परदेशाचे आदर्शीकरण करण्याचे कारण नाही. तथापि जात विचारून खोली नाकारणारी व्यवस्था तेथे नव्हती, हा फरक निर्णायक होता.

८. निष्कर्ष

१. प्रस्तुत कालखंडात आहार, वेश व निवास या बाबी जातिसमुदाय, आश्रयदाता, शिष्यवृत्तीदाता व शासन यांच्या नियंत्रणाची साधने होत्या. त्यामुळे त्यांविषयीचा प्रत्येक निर्णय सामाजिक स्वरूपाचा होता.

२. समायोजन ही यजमान समाजाकडे जाणारी एकेरी प्रक्रिया नव्हती. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याची निवड विद्यार्थ्यांनी विचारपूर्वक केली. गुजराती पद्धतीने नेसलेली साडी आणि धर्मांतरानंतरही टिकविलेला शाकाहार ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३. स्त्री विद्यार्थिनींना जाहीर वचन, पत्रांतून होणारी देखरेख व आश्रयदात्यांचे नियंत्रण असे अधिकचे दडपण सहन करावे लागले.

४. समायोजनाचा अभ्यास परतीच्या टप्प्यापर्यंत नेल्याखेरीज पूर्ण होत नाही. बडोद्यातील अनुभव हा डॉ. आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाच्या इतिहासाचाच भाग मानावयास हवा.

आज महाराष्ट्रातील ग्रामीण भागातून आणि वंचित समाजघटकांतूनही विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत जात आहेत. त्यांना मार्गदर्शन करताना महाविद्यालयांचे लक्ष प्रवेशपरीक्षा व शिष्यवृत्ती यांवर केंद्रित होणे स्वाभाविक आहे. परंतु जेवण, खोली, थंडी व एकाकीपणा हे विषय गौण नाहीत, हे या इतिहासावरून दिसून येते. एखादा विद्यार्थी जुळवून घेऊ शकला नाही असा शेरा मारण्यापूर्वी त्याच्याकडून कोणी काय मागितले होते, आणि परतल्यावर त्याच्यासाठी जागा होती का, हे विचारणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.